महाडात थर्मामीटरशी भांडण

महाडला राहून रायगड न बघता परत आलेली बाई, अशी सध्या सांगलीत आमच्या गल्लीत माझी ख्याती झाली आहे. शेजारच्या वहिनींनी तर तोंडावरच विचारलं, "मग गेला होतात कशाला तिकडे?" दारात उभ्याउभ्या त्यांना जे सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे. रायगड बघायचाच होता. रोपवेने वर जायचं, उतरल्यावर हिरकणीवाडीत कुणाच्या तरी पडवीत बसून पिठलं-भाकरी खायची, असा बेत पक्का होता. तो मोडला. मोडल्याचं मला जराही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना ऊष्मागतिकी शिकवून निवृत्त झालेली बाई. त्यातही माझा जीव अडकला होता तो अपरिवर्तनीय प्रक्रियांमध्ये, म्हणजे एकदा घडल्या की उलट फिरवता येत नाहीत त्यांच्यात. चहा निवतो, साखर विरघळते, लोखंड गंजतं. पुस्तकातलं आदर्श यंत्र कुठेच नसतं, पण हे सगळं रोज आपल्या नाकासमोर चाललेलं असतं, म्हणून मला ते शिकवायला आवडायचं. विषय ऐच्छिक होता आणि मुलं घेत नसत. एका वर्षी तर इतकी थोडी आली की विभागप्रमुखांनी वर्ग बंद करायला सांगितला. मी वर्गखोली सोडली, विषय सोडला नाही. कँटीनमागच्या चिंचेला फळा टेकवून शिकवलं.

त्या चिंचेखाली बसणाऱ्यांत तेजश्री उतेकर होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथली. शिकायला सांगलीला आलेली, अंगाने बारीक, आणि प्रश्न विचारायला लागली की समोरच्याला घाम फोडणारी. आता ती महाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. दर दिवाळीला फोनवर म्हणायची, "मॅडम, या ना एकदा आमच्याकडे." यंदा दिवाळी उरकली आणि मी निघाले.

आंबेनळीचा उतार

महाबळेश्वरला पोलादपूरची एसटी पकडली तेव्हा अंगात स्वेटर, डोक्याला मफलर आणि तरी दात वाजत होते. घाट सुरू झाला. गाडी एकेक वळण घेत खाली यायला लागली, तशी मी एकेक कपडा उतरवत गेले. आधी मफलर, मग स्वेटर, मग पदराने वारा. कानाला दडे बसले. डावीकडे कातळाची भिंत, उजवीकडे खोल दरी, आणि दरीच्या तळाशी कापणी झालेली भाताची खाचरं, पिवळी पडलेली, एकाखाली एक. आमच्याकडे शिवार सपाट पसरलेलं असतं. इथे शेत म्हणजे डोंगराला धरून ठेवलेल्या पायऱ्या.

एका वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि वरच्या फळीवरची माझी पिशवी खाली आली. तेजश्रीसाठी आणलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटली. खार पायाखालून वाहत पुढे गेला. मी ओशाळून पुसायला वाकले, तर शेजारच्या बाईंनी मला अडवलं.

"ऱ्हाऊ द्या गो बाय. वास किती छान सुटलाय. कुठचं लोणचं?"

"सांगलीचं."

"मग सांगली पोलादपुरात पोचली की तुमच्याआधी," असं म्हणून त्या मोठ्याने हसल्या. पुढच्या सीटवरच्या माणसाने मान वळवून विचारलं की फोड एखादी शाबूत राहिली असेल तर बघा. काचेच्या धाकाने मी नाही म्हटलं. पण मनातून खूश झाले. ज्या मुलखात सांडलेल्या लोणच्यालाही पाहुण्यासारखं वागवतात, तिथे आपलं बरं चालेल असं वाटलं.

महाड

पोलादपूरला गाडी बदलून महाडला पोचले, तर स्टँडवर तेजश्री स्कूटर घेऊन उभी होती. भर कामाच्या दिवशी, भर दुपारी. मला तेव्हाच खटकलं.

"आज सुट्टी?"

"तसंच काहीतरी. बसा, मॅडम."

तिची खोली एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. गॅलरीतून सावित्री नदीचा तुकडा दिसतो. तिने जेवायला वाढलं: तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि परतलेली सुकट. ज्वारीची भाकरी मोडताना कुर्रर्र आवाज आला पाहिजे, अशा प्रदेशातली मी. तांदळाची भाकरी रुमालासारखी घडी होते, हे बघून पहिल्यांदा जरा बिचकले, मग तीन खाल्ल्या. तेजश्री मात्र ताटात बोट फिरवत बसली होती.

"आता सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. कारखान्यात एक मोठी बंद टाकी आहे, तिला ते रिॲक्टर म्हणतात. आत एक द्रव आधी भरलेला असतो. मग वरून दुसरं, वजनाला जड असं रसायन अगदी हळूहळू सोडायचं आणि खाली मोठा पंखा सतत ढवळत राहायचा. दोन्ही एकत्र आली की उष्णता निघते. ढवळणं चालू असेल तर ती टाकीच्या बाहेरून फिरणाऱ्या गार पाण्यात निघून जाते. त्या दिवशी पंख्याची मोटर बंद पडली आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. वरून रसायन मात्र येतच राहिलं. जड असल्याने सगळं तळाला जाऊन बसलं.

"थर्मामीटर?" मी विचारलं.

"एकच आहे. वरच्या थरात. तो तीस अंश दाखवत होता. अगदी शांत."

पुढे ती काय सांगणार ते मला कळलं होतं.

"मोटर दुरुस्त झाली. मॅनेजर म्हणाले, तापमान तीसच आहे, पंखा चालू करा. ऑपरेटर सकपाळ कळ दाबायला गेला. मी त्याचा हात धरला आणि पॅनेलसमोर उभी राहिले. म्हटलं, कुणीही चालू करायचा नाही. पूर्ण गार पाणी सोडलं आणि खालच्या झडपेतून तळाचा थर हळूहळू काढून घेतला. माल वाया गेला. आता मी घरी. शुक्रवारी मालक मुंबईहून येणार आहेत. त्यांच्यासमोर लिहून द्यायचं, की मी घाबरून जाऊन माल बिघडवला. दिलं तर परत घेतील."

"आणि नाही दिलं तर?"

"तर वसाहतीत दुसरीकडेही नोकरी मिळणार नाही, असं मॅनेजर म्हणालेत."

शुक्रवार हाच आमचा रोपवेचा दिवस होता. तेजश्री म्हणाली, "तुम्ही जाऊन या मॅडम, मी गाडी ठरवून देते." मी म्हटलं, "गड कुठे पळून जात नाही. मी तुझ्याबरोबर येणार."

"बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत."

"बघू कसे घेत नाहीत ते."

सव

दुसऱ्या दिवशी तिने मला सवला नेलं. महाडपासून जवळच, सावित्रीच्या काठाला गरम पाण्याची कुंडं आहेत. वाफ दिसत होती आणि त्यामागे नदी आरशासारखी पडलेली. सांधे धरलेली माणसं कुंडात पाय सोडून बसली होती. कुणी कुणाची ओळख काढत होतं, कुणी गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत होतं. आमच्याकडे डॉक्टरांच्या दारात जशा गप्पा होतात तशाच, फक्त इथे सगळ्यांचे पाय एकाच पाण्यात.

तिथे आम्हाला सकपाळ भेटायला आला. तुडील गावचा, पंचेचाळिशीचा, अंगाने भक्कम माणूस. मोटरसायकल लावून आमच्याजवळ आला, पण बसेना. त्याचा मेहुणा आणि पुतण्या दोघंही त्याच कारखान्यात आहेत.

"मला सांगितलंय," तो तेजश्रीकडे न बघता म्हणाला, "बाई घाबरली, मला ढकललं, आरडाओरडा केला, असं बोल. नाय बोललो तर तिघांचं बघून घेतो म्हणाले."

मी त्याला काही उपदेश करणार नव्हते. आपण काठावर राहून दुसऱ्याला तिघांची चूल विझवायला सांगणं सोपं असतं. पण त्यानेच मला विचारलं, "मॅडम, तुम्ही ह्यांच्या गुरू. एक सांगा. काटा तीसच दाखवत होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मग काटा खोटा का आमच्या मॅडम खोट्या?"

"दोघंही खरे. चला, दाखवते."

कुंडाचं पाणी एका दगडी पन्हळीतून नदीत पडतं, तिथे मी त्याला घेऊन गेले. साडी खोचून आधी मीच उतरले. "एक पाय पन्हळीशी ठेवा, दुसरा नदीच्या बाजूला."

त्याने ठेवला. "डावा भाजतोय. उजवा गार."

"मग या पाण्याचं तापमान किती?"

तो हसला. "कुठल्या पायाला विचारताय त्याच्यावर हाय."

"तेच तर. ओंजळभर पाणी घेतलं तर त्याला एक तापमान असतं. तेवढ्या जागेत पाण्याचे कण एकमेकांशी जुळवून बसलेले असतात. आम्ही त्याला स्थानिक समतोल म्हणतो. काटा त्या ओंजळीबद्दल खरं बोलतो. पण तो फक्त त्याच्या ओंजळीपुरतं बोलतो. अख्ख्या टाकीच्या वतीने बोलायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. टाकी नीट ढवळली जात असेल तरच एका ओंजळीवरून सगळीचं सांगता येतं."

"म्हणजे तळाला वेगळंच चाललं होतं."

"तळाला उष्णता तयार व्हायची वाट बघत होती. पंखा फिरला असता तर दोन्ही थर एका झटक्यात मिसळले असते. इथे नदीत गरम आणि गार हळूहळू एकमेकांत जातं, उष्णता सावकाश पसरते. ती पसरली की परत गोळा करता येत नाही. हे पसरणं किती झालं, त्याच्या मापाला एंट्रॉपी म्हणतात. नदीत ती बेताबेताने वाढते म्हणून आपण इथे उभे आहोत."

तेजश्री मागून म्हणाली, "आणि सगळं इतक्या झपाट्याने झालं की ओंजळभर जागेलाही जुळवून बसायला उसंत मिळाली नाही, तर तापमान हा शब्दसुद्धा निकामी होतो."

"मग काय ऱ्हातं?" सकपाळने विचारलं.

"स्फोट."

तो पाण्यातून बाहेर आला, पाय न पुसताच चपला घातल्या आणि "येतो" एवढंच म्हणून निघून गेला. उद्या तो काय बोलेल, ते त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मी काठावर यायला निघाले आणि शेवाळावरून घसरले. लागलं नाही, पण उजव्या पायातली सँडल गेली. सावित्रीने ती उचलली आणि आरामात खाली खाडीकडे नेली. एका सँडलवर मी स्कूटरपर्यंत उड्या मारत गेले. कुंडातली मंडळी आपली दुखणी विसरून हसली. बाजारात माझ्या मापाची एकच जोडी मिळाली, निळ्या रबरी स्लिपर.

औद्योगिक वसाहत

त्याच निळ्या स्लिपर घालून मी शुक्रवारी कारखान्याच्या फाटकावर उभी राहिले. पाळी सुटायची वेळ होती. बस भरून माणसं बाहेर पडत होती, मोटरसायकली दोन्ही बाजूंनी वाट काढत होत्या, आणि हवेत कुठल्या तरी द्रावकाचा गोडसर वास होता. त्या माणसांतल्या काहींनी तेजश्रीकडे बघून नुसती मान हलवली.

पहारेकऱ्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "स्लिपर चालणार नाही."

"मग काय चालेल?"

"बूट लागतात. आणि तुमचं नाव यादीत नाही."

"यादीचं नंतर बघू. आधी बूट द्या."

तो गोंधळला. त्याने आतून एक गमबुटांची जोडी आणली, माझ्या पायाच्या दीडपट. ती घालून, साडी सावरत, डबक-डबक आवाज करत मी तेजश्रीमागून चालू लागले. बुटांच्या नादात यादीचा विषय मागे पडला.

मालक सत्तरीच्या घरातले, पांढरा शर्ट, हळू बोलणारे. मॅनेजर चाळिशीचे, नीटनेटके. मला बघताच ते उठले. "या कोण? ही अंतर्गत बैठक आहे."

"मी हिची शिक्षिका," मी म्हटलं. "त्या दिवशी हिने जे केलं ते मी शिकवलेलं आहे. ते चुकीचं असेल तर चूक माझ्यापासून सुरू होते. म्हणून मला आधी ऐकून घ्या."

मालकांनी माझ्या गमबुटांकडे पाहिलं, ओठांच्या कोपऱ्यात हसले आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

मॅनेजर बोलले. तापमान तीस होतं. धोक्याची कुठलीही खूण नव्हती. बाईंनी पुस्तकी कल्पनेवरून तयार होत आलेला माल घालवला. ऑपरेटरला ढकललं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर जाणताच. एंट्रॉपी वाढतच असते. कारखाना म्हटला की थोडीफार जोखीम आलीच. प्रत्येक गोष्टीला घाबरून कसं चालेल?"

माझ्या विषयाचा असा उपयोग केलेला मी आजवर कुठे कुठे ऐकला आहे. रस्ता खचला, एंट्रॉपी. पूल पडला, एंट्रॉपी. जणू निसर्गाने यांना हात झटकायची सनद दिली आहे. मी म्हटलं, "एंट्रॉपी वाढते हे मला आयुष्यभर शिकवून माहीत आहे. पण ती कुठे वाढेल, किती वेगाने वाढेल आणि कुणाच्या अंगावर वाढेल, हे निसर्ग ठरवत नाही. ते ठरवायला तुम्ही इंजिनिअर ठेवता. हिने ती तुमच्या गार पाण्यात वाढवली. तुम्ही ती या माणसांच्या अंगावर वाढवणार होतात."

मालकांनी चष्मा काढला. "शब्दांवर जाऊ नका. काही दाखवता येईल?"

"येईल," तेजश्री म्हणाली. "प्रयोगशाळेत. त्याच प्रमाणात, अगदी थोडं."

आम्ही सगळे खाली गेलो. तिने गॉगल चढवला, हातमोजे घातले आणि काचेच्या पडद्याआडच्या ओट्यावर एक बीकर ठेवला. आधी पहिला द्रव. मग पिपेटने बीकरच्या कडेवरून दुसरं रसायन, इतकं सावकाश की ते पाकासारखं तळाला जाऊन बसलं. माझे गमबुटातले पाय घामाने भिजले होते. एक थर्मामीटर तिने वरच्या द्रवात ठेवला, दुसरा दोन थरांच्या सीमेवर.

"वरचा वाचा, सर," ती मॅनेजरांना म्हणाली.

"तीस."

"आता खालचा."

त्यांनी वाकून पाहिलं आणि आकडा मनातच ठेवला. मालकांनी स्वतः पुढे होऊन पाहिलं. "हा तर बराच वर आहे."

"आणि हे नुसत्या सीमेवर, जिथे ते एकमेकांना शिवतात तेवढ्यावर. मागे व्हा. मी ढवळणार आहे."

तिने काचेचा पडदा खाली ओढला आणि बीकरखालचं चुंबकी ढवळणं चालू केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग बीकरमधलं सगळं एकदम पांढरं झालं, फसफसलं, तोंडातून उसळून बाहेर पडलं आणि काचेवर सर्र आवाज करत ओघळलं. आतला थर्मामीटर आडवा झाला. बीकर तळापासून तडकला. सगळा पसारा माझ्या ओंजळीत मावला असता, एवढाच होता.

"टाकीत याच्या कितीतरी पट होतं," तेजश्री म्हणाली.

तेवढ्यात दाराजवळून कुणीतरी खाकरलं. सकपाळ होता. त्याला साक्षीला बोलावलेलं होतं आणि तो केव्हापासून तिथे उभा होता हे कुणालाच माहीत नव्हतं.

"साहेब," तो मालकांना म्हणाला, "कळ मी दाबणार होतो. माझं बोट त्याच्यावर होतं. ह्यांनी मला ढकललं नाय. हात धरलान. त्या टाकीच्या खाली त्या वेळी माझा पुतण्या उभा होता. मला सांगितलं गेलं होतं दुसरंच बोलायला. मी नाय बोलणार."

मॅनेजर म्हणाले, "सकपाळ, विचार करून बोल."

"करूनच बोलतोय. कालपास्नं तेच करतोय."

आम्ही परत वर आलो. मालकांनी पाणी मागवलं, प्यायले आणि म्हणाले की तांत्रिकदृष्ट्या उतेकर बाईंचं बरोबर होतं असं दिसतं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. "तरी शिस्तीचा प्रश्न राहतो. वरिष्ठांचा आदेश मोडलात. दोन ओळी लिहून द्या, की त्या वेळी घाबरून असं झालं. सोमवारी कामावर या. विषय मिटला."

अशा वेळी कितीतरी शहाणी माणसं सही करतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. मी तेजश्रीकडे पाहिलं. तिने कागद वाचला आणि परत सरकवला.

"मी घाबरले होते, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण घाबरून काही केलं नाही. जे केलं ते कळून केलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. टाकीला आणखी थर्मामीटर बसवा, तळापासून वरपर्यंत. पंखा थांबला की वरून येणारं रसायन आपोआप थांबेल, अशी जोडणी करा. ते झालं की मला बोलवा. त्याआधी बोलावू नका."

ती उठली. मीही उठले. जिन्यावरून उतरताना माझ्या गमबुटांचा आवाज अख्ख्या इमारतीत घुमत होता, आणि मी तो मुद्दाम जरा जास्तच केला.

फाटकाबाहेर आल्यावर तिला रडू फुटलं. मी तिला स्टँडजवळच्या टपरीवर नेलं. गरम वडापाव आणि गार कोकम सरबत. आमच्याकडे कोकम म्हणजे आमटीत टाकायची वस्तू, इथे ते पेलाभर पितात. दुसऱ्या पेल्याला ती म्हणाली, "आईला काय सांगू मॅडम?"

"खरं ते सांग. मी येते बरोबर."

पोलादपूरच्या वर

पोलादपूरहून वाडीपर्यंत जीप जाते, तीही तिच्या मनात असेल तर. आम्ही अर्धी वाट जीपने आणि अर्धी पायी गेलो. वाडीत उंबरे पुष्कळ आणि माणसं थोडी. तरणीताठी मुंबईला. तेजश्रीचा भाऊही कांदिवलीला टेम्पो चालवतो. वडील गेल्यापासून आई एकटीच शेत सांभाळते. उंच, काटक बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आम्ही पोचलो तेव्हा खळ्यात भाताच्या पेंढ्यांचा ढीग होता.

तेजश्रीने अंगणातच सगळं सांगून टाकलं. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "खाली कोण माणसं होती?"

"सात-आठ जण होते."

"सगळी घरी गेली ना?"

"गेली."

"मग झालं," आई म्हणाली. "पोटाला मिळेल काय ना काय. बस, हातपाय धू. बाई, तुमी पन बसा. भाकरी टाकते."

तेवढ्यावर त्या घरात हा विषय संपला. मी माझं परतीचं जाणं पुढे ढकललं आणि तिथेच राहिले. इथे भात बैलांकडून मळून घेत नाहीत, झोडतात. पेंढी दोन्ही हातांनी धरायची, खांद्यावरून वर न्यायची आणि उभ्या फळीवर आपटायची. दाणे पावसासारखे उडतात. ऐकायला सोपं आहे. पहिल्याच पेंढीला मी दाणे फळीवर कमी आणि आईच्या डोक्यावर जास्त पाडले.

"जोर नको, बाई," त्या केस झटकत म्हणाल्या. "ठेका हाय तो. ऐका." आणि त्यांनी पेंढी आपटली. दुसऱ्या दिवसापासून मला जरा जमायला लागलं. जेवणाला नाचणीची भाकरी, ओल्या मिरचीचा ठेचा आणि ताक. समोर डोंगर, त्याच्या पलीकडे मी ज्या घाटातून उतरले तो घाट.

सकपाळचा फोन एकदा आला. टाकी बंदच होती. आणखी थर्मामीटर बसल्याशिवाय आम्ही ती भरणार नाही, असं पाळीच्या माणसांनी सांगितलं होतं. आधी एका पाळीने, मग दुसरीने. "मी काय बोललो नाय," तो म्हणाला. "फक्त त्या दिवशी काचेवर काय झालं ते सांगितलं. बाकी त्यांचं त्यांनी ठरवलं." त्या तिघांपैकी कुणाच्याही नोकरीला हात लागला नव्हता.

आणि मग एका सकाळी, झोडणी अगदी रंगात आलेली असताना, तेजश्रीचा मोबाईल वाजला. मॅनेजर होते. तिने हातातली पेंढी न सोडता फोन कानाशी धरला. खळ्यात आवाज चालू होता म्हणून तिने फोनचा आवाज मोठा केला, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ऐकू येऊ लागलं.

"थर्मामीटर बसले. चार जागी. पंख्याची जोडणीही झाली. मालकांचं म्हणणं आहे, तुम्ही बघितल्याशिवाय टाकी चालू करायची नाही. आज दुपारपाळीला या." मग म्हणाले, "येताना ते दोन ओळींचं बघा. तुम्हाला हवं तसं लिहा. नुसतं रेकॉर्डला."

"एक ओळही नाही, सर."

खळ्यात सगळ्यांचे हात थांबले.

"बरं," मॅनेजर म्हणाले. "राहू दे. तुम्ही या."

सगळं ऐकलेलं असूनही आईने विचारलं, "काय म्हनतो गो?"

"आजच ये म्हणतायत."

"आज?" आईने ढिगाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि फोनमध्ये नीट ऐकू जाईल अशा बेताने आवाज चढवून म्हणाली, "त्याला सांग, आज नाय. आज झोडणी हाय."

तेजश्रीला हसू आवरेना. "सर, सोमवारी येते. तोवर चालू करू नका."

"थांबतो," मॅनेजर म्हणाले.

तिने मोबाईल ओट्यावर ठेवला, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि पेंढी खांद्यावरून वर नेली.